काठावरून पाणी कसे वाचावे?

बीड शहरापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. बीड जिल्ह्यात पडणारे पावसाचे पाणीदेखील त्या समुद्राकडे जात नाही. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला मिळते, आणि हे पाणी पूर्वेकडे लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरून मासे कसे धरतात, हा विषय बीडच्या विद्यार्थ्याने कशाला अभ्यासावा, असे कोणालाही वाटेल.

पण दोन चित्रे शेजारी ठेवून पाहा. संध्याकाळची वेळ आहे. माजलगावच्या धरणाच्या जलाशयाकाठी एक माणूस उकिडवा बसला आहे. हातात तंगुसाची दोरी, तिच्या टोकाला गळ, गळाला गांडूळ. त्याच वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एखाद्या पुळणीवर दुसरा माणूस गुडघाभर फेसात उभा राहून दोरीचे शिसे लाटांपलीकडे भिरकावतो आहे. देशावर याला गळ टाकणे म्हणतात, कोकणात गरवणे. दोघांची अडचण एकच आहे. दोघांकडे होडी नाही, आणि दोघांनाही मासा दिसत नाही. दिसते ते फक्त पाणी. त्या पाण्याचा रंग, हालचाल, फेस आणि वेळ यांवरून मासा कोठे असेल हे त्यांना ठरवावे लागते. यालाच आपण ‘पाणी वाचणे’ म्हणू. हे वाचन ज्याला येते त्याला मासा मिळतो. आणि पुढे आपण पाहणार आहोत की, ज्याला ते येत नाही त्याचा कधीकधी जीवही जातो.

मासा काठाला का येतो?

खोल पाणी सुरक्षित असताना मासा उथळ काठाला येण्याचा धोका का पत्करतो? पहिले कारण अन्न. सूर्यप्रकाश उथळ पाण्यात तळापर्यंत पोचतो. तेथे शेवाळ वाढते, शेवाळावर किडे व गोगलगायी जगतात, आणि त्यांच्यामागे मासे येतात. वारा वाहू लागला की पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव वाऱ्याच्या दिशेने ढकलले जातात. म्हणून जाणता भोई वारा ज्या काठाकडून येतो तो काठ सोडून वारा ज्या काठावर आदळतो तेथे बसतो.

दुसरे कारण प्राणवायू. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी काठचे उथळ पाणी चांगलेच तापते, आणि पुष्कळ मासे थंड, खोल पाण्याकडे सरकतात. सकाळी व संध्याकाळी ते पुन्हा काठाला येतात. गळ टाकणारे याच वेळा का साधतात, हे यावरून कळेल.

सगळे मासे मात्र एका थरात राहत नाहीत. जलाशयांत सोडल्या जाणाऱ्या माशांपैकी कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, आणि मृगळ तळाशी. मरळ हा मासा कल्ल्यांखेरीज हवेतूनही प्राणवायू घेऊ शकतो. म्हणून तो गढूळ, साचलेल्या पाण्यातही तग धरतो आणि मधूनमधून पृष्ठभागावर तोंड काढताना दिसतो. गळ किती खोल सोडायचा हे कोणता मासा हवा यावर ठरते. दोरीला बांधलेला तरंगता खाली-वर सरकवून ही खोली साधतात.

समुद्रकिनाऱ्यावर हीच दोन कारणे लाटेमुळे एकत्र येतात. फुटणारी लाट हवा पाण्यात घुसळते आणि प्राणवायू वाढवते. तीच लाट तळाची वाळू उकरते व त्यातील किडे, लहान खेकडे, शिंपल्यांतील जीव उघडे पाडते. बोय, मुडदुशी, शिंगाळा यांसारखे मासे या घुसळलेल्या पाण्यात चरायला येतात, आणि लहान माशांच्या मागावर रावसासारखा मोठा मासाही येतो. म्हणून प्रथम लाटच समजून घेतली पाहिजे.

लाट काठाशीच का फुटते?

वाऱ्याने पाण्यावर लाट उठते. तिची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते: वाऱ्याचा वेग, वारा किती वेळ वाहिला, आणि त्याला किती लांबवर मोकळे पाणी मिळाले. माजलगावच्या जलाशयावर वाऱ्याला मिळणारी मोकळी वाट काही किलोमीटरांची. अरबी समुद्रावर ती हजारो किलोमीटरांची. म्हणून जलाशयातील लाट वीतभर किंवा हातभर, तर समुद्राची पुरुषभर उंच होऊ शकते.

खोल पाण्यावरून लाट जाते तेव्हा पाणी पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण साधारण वर्तुळात फिरून पुन्हा आपल्या जागी येतो; पुढे सरकते ते हालचालीचे रूप, आणि त्याबरोबर ऊर्जा. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा गेला की शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट धावते, पण एकही ताट जागा सोडत नाही. तसेच हे आहे.

लाटेची ही हालचाल खाली तरंगलांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. दोन लाटांमधील काळ सेकंदांत मोजून त्याचा वर्ग करावा व त्याला १.५६ ने गुणावे, म्हणजे खोल पाण्यातील तरंगलांबी मीटरांत मिळते. जलाशयात दर २ सेकंदांनी लाट येत असेल तर तरंगलांबी सुमारे ६ मीटर. म्हणजे तिला तळ ‘लागतो’ तो ३ मीटर खोलीवर. समुद्रात दर ८ सेकंदांनी लाट येत असेल तर तरंगलांबी सुमारे १०० मीटर. तिला ५० मीटर खोल पाण्यातच तळ लागू लागतो.

तळ लागला की लाट मंदावते. उथळ पाण्यात लाटेचा वेग म्हणजे गुरुत्व त्वरण (९.८) आणि पाण्याची खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ४ मीटर खोलीवर हा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर येतो, तर १ मीटर खोलीवर सुमारे ३.१ मीटर. पुढची लाट मंदावते, मागची अजून वेगात असते. त्यामुळे लाटा जवळजवळ येतात आणि प्रत्येकीची उंची वाढते. लाटेचा माथा खोल पाण्यावर व पायथा उथळ पाण्यात असल्यासारखी स्थिती होऊन माथा पायथ्याच्या पुढे धावतो आणि कोसळतो. लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे आठ दशांश झाली की ती फुटते, असा ढोबळ नियम आहे.

या नियमाचा उपयोग पाहा. एक मीटर उंचीची लाट जेथे फुटते तेथे पाण्याची खोली सुमारे सव्वा मीटर असली पाहिजे. काठावर कोरडे उभे राहून आपण समुद्राची खोली मोजली! गरवणारा माणूस हेच करतो. लाट एकदा लांबवर फुटली, मग पुन्हा गुळगुळीत झाली आणि काठाशी दुसऱ्यांदा फुटली, तर त्याला कळते की लांबवर वाळूचा बुडालेला बांध आहे आणि बांध व काठ यांच्यामध्ये खोल पन्हळ आहे. मासे या पन्हळीतून काठाला समांतर फिरतात. त्याचे शिसे नेमके तेथे पडायला हवे.

शिसे आणि गोफण

आता गळ तेथपर्यंत पोचवायचा कसा? गळ हलका, तो फेकला तरी जवळच पडतो. म्हणून दोरीला शिसे बांधतात. शिसेच का, दगड का नाही? १०० ग्रॅम शिशाचे आकारमान सुमारे ९ घनसेंटिमीटर असते, कारण त्याची घनता ११.३ आहे. काळ्या बसाल्ट दगडाची घनता सुमारे २.९ धरली तर १०० ग्रॅम दगडाचे आकारमान सुमारे ३५ घनसेंटिमीटर होते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार बुडलेल्या वस्तूचे वजन तिने सारलेल्या पाण्याइतके कमी भासते. म्हणजे पाण्यात शिसे ९१ ग्रॅमसारखे वागेल, तर दगड केवळ ६५ ग्रॅमसारखा. शिवाय लहान आकारामुळे शिशाला हवेचा आणि लाटेचा विरोधही कमी होतो. दगड लाटेबरोबर गडगडत काठाला येतो. शिसे तळाला बसून राहते. मात्र शिसे विषारी आहे. ते दातांनी चावून दोरीवर दाबण्याची सवय वाईट. हाताळल्यावर हात धुवावेत.

फेकण्याचे शास्त्र मराठवाड्यातील शेतकऱ्याला गोफणीमुळे चांगले माहीत आहे. ज्वारीची पाखरे राखताना हाताने फेकलेला खडा आणि गोफणीने फेकलेला खडा यांत किती फरक पडतो! वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचा वेग त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो. समजा, सेकंदाला दोन फेरे या गतीने आपण शिसे फिरवले. त्रिज्या १ मीटर असेल तर वेग सेकंदाला सुमारे १२.६ मीटर, त्रिज्या दीड मीटर केली तर सुमारे १८.८ मीटर. ४५ अंशांच्या कोनात फेकलेली वस्तू, हवेचा विरोध सोडून दिला तर, वेगाच्या वर्गाला ९.८ ने भागल्यावर येईल इतक्या मीटरांवर पडते. पहिल्या वेळी १६ मीटर, दुसऱ्या वेळी ३६ मीटर! त्रिज्या दीडपट झाली आणि अंतर सव्वादोनपट झाले, कारण अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून आहे. हातदोरीवाला शिसे डोक्याभोवती गोफणीसारखे का गरगरवतो आणि समुद्रकाठी वापरण्याच्या काठ्या पुरुषाच्या दुप्पट लांब का असतात, याचे उत्तर या गणितात आहे. फेकताना मागे कोणी उभे नाही ना, हे पाहणे मात्र गणिताइतकेच महत्त्वाचे.

मासा आपल्याला कसा पाहतो?

पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरणांचे वक्रीभवन होते. म्हणून सरळ वरून पाहिले असता मासा खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांश खोलीवरच भासतो. पण माशाच्या बाजूने पाहिले तर गंमत आणखी वाढते. वरचे सगळे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, त्याला डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटीने बसलेले दिसते. एक मीटर खोलीवरच्या माशासाठी पृष्ठभागावरची ही गोल ‘खिडकी’ सुमारे सव्वादोन मीटर व्यासाची असते. खिडकीच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो, कारण तेथे किरणांचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते.

क्षितिजालगतच्या वस्तू या खिडकीच्या अगदी कडेला चपट्या व अंधूक दिसतात. खिडकीपासून ५ मीटरांवर उभ्या असलेल्या १.६ मीटर उंचीच्या माणसाचे डोके पाण्याच्या पातळीशी सुमारे १८ अंशांचा कोन करते. तोच उकिडवा बसून ६० सेंटिमीटर उंच झाला तर कोन केवळ ७ अंशांचा होतो, आणि तो जवळजवळ दिसेनासा होतो. गळ टाकणारा बसून का राहतो, हे आता कळले ना?

‘बोलू नका, मासे पळतील’ असे आपण नेहमी ऐकतो. हवेतील आवाजाचा फार मोठा भाग पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो, म्हणून हळू आवाजातील बोलण्याने माशाला फारसा उपद्रव होत नाही. खरा उपद्रव पावलांचा. जमिनीवर आपटलेल्या पायाची कंपने काठातून थेट पाण्यात उतरतात, आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी असणारी पार्श्वरेखा ही इंद्रियरचना पाण्यातील सूक्ष्म हालचाल टिपते. तेव्हा बोलण्यापेक्षा चालणे सांभाळावे.

पंचांगातील भरती

जलाशयाचे पाणी ऋतूप्रमाणे चढते-उतरते. समुद्राचे दिवसातून दोनदा. भरतीच्या पाण्याबरोबर मासे नव्याने बुडालेल्या वाळूवर चरायला येतात, म्हणून कोळ्याला भरतीची वेळ ठाऊक असावी लागते. ती काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावर प्रचलित आहे, आणि तो बीडमध्ये बसून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरूनही करता येतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; जे तास येतील त्या सुमारास मुंबईजवळ भरती. चतुर्थी असेल तर ४ × ३/४ = ३; म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास एक भरती, आणि तिच्यानंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी दुसरी. अष्टमीला ६, द्वादशीला ९. पौर्णिमा व अमावास्या यांना १५ धरून सव्वाअकरा.

पाऊणच का? चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्यामुळे तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, आणि भरतीही तितकीच मागे सरकते. ५० मिनिटांऐवजी ४५ मिनिटे, म्हणजे पाऊण तास, धरला की तोंडी हिशेब सोपा होतो. त्यासाठी अर्ध्या-पाऊण तासाची चूक पत्करावी लागते. किनाऱ्याच्या आकारामुळे जागोजागीही फरक पडतो. मुंबईच्या दक्षिणेला, मालवण-गोव्याकडे, भरती लवकर येते. म्हणून हा नियम शिकण्यासाठी उत्तम. पण पाण्यात उतरायचे असेल तर त्या गावचे भरतीचे कोष्टक पाहावे आणि तेथील कोळ्यांना विचारावे.

पौर्णिमा-अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात व भरती-ओहोटीतला फरक मोठा होतो. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र काटकोनात ओढतात, फरक लहान होतो; हा भांग. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते. गोव्याकडे हा फरक त्याच्या जवळजवळ निम्मा असतो.

रापण आणि उरलेले मासे

किनाऱ्यावरून मासे धरण्याची सर्वांत मोठी सामुदायिक पद्धत म्हणजे रापण. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, जाळे अर्धवर्तुळात सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळे हळूहळू वाळूवर ओढले जाते. तारली, बांगडा असे थव्याने फिरणारे मासे त्यात सापडतात. थवा आला की नाही हे पाण्याच्या रंगावरून, पृष्ठभागावरच्या थरथरीवरून व वर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांवरून ओळखणारा जाणता माणूस गटात असतो. मिळालेल्या मासळीचे वाटे पाडले जातात.

रापणीला मासा काठाशी येईपर्यंत वाट पाहावी लागते. यांत्रिक नौकांना वाट पाहावी लागत नाही. त्या माशाच्या मागे जातात. या नौका किनाऱ्यालगत येऊ लागल्या तेव्हा काठावर वाट पाहणाऱ्यांच्या जाळ्यात काय उरणार, हा प्रश्न उभा राहिला. १९७० नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकारांनी त्यासाठी मोठे आंदोलन केले. गोव्यात १९८० मध्ये व महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे झाले, आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची तरतूद झाली. तरीही हा वाद आजपर्यंत पूर्णपणे मिटलेला नाही.

गोड्या पाण्यात प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कटला, रोहू, मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. धरण झाले की नदीचे वाहणे बदलते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यानंतर मत्स्यबीज तयार करणे शक्य झाले, आणि आज आपल्या तलावांत बोटाएवढी पिले, म्हणजे बोटुकली, सोडली जातात. ही पिले वाढण्यापूर्वीच बारीक जाळ्याने काढली तर पुढच्या वर्षी काय मिळेल? आणि पाणीच आटले तर? २०१६ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील मांजरा धरण कोरडे पडले होते. त्यावर अवलंबून असणाऱ्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरण कोरडे पडणे म्हणजे त्यावर जगणाऱ्या भोई कुटुंबांचे शेतच करपणे होय.

शांत दिसणारे पाणी

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग. मराठवाड्यातील शाळांच्या सहली कोकणात जातात. कित्येक विद्यार्थी तेथे समुद्र पहिल्यांदा पाहतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मरण पावले. अशा दुर्घटना लहान प्रमाणात दरवर्षी घडतात.

लाटांनी बांधापलीकडून आत आणलेले पाणी परत कोठून जाते? बांधात जेथे खिंड पडलेली असते तेथून ते एकवटून वेगाने समुद्राकडे धावते. खिंडीत पाणी खोल, म्हणून तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधोमध एक काळसर, शांत पट्टा असे ते चित्र दिसते. नवख्याला वाटते, हीच जागा पोहायला चांगली! गरवणारा कोळीही तोच पट्टा शोधतो, पण वेगळ्या कारणासाठी: उकरलेले अन्न त्या वाटेने बाहेर जाते आणि मासे तेथे टपून बसतात. तो गळ टाकतो. स्वतः उतरत नाही.

या प्रवाहाचा वेग सेकंदाला २ मीटरांपर्यंत किंवा क्वचित त्याहूनही अधिक होऊ शकतो. समजा, तो १ मीटर आहे आणि विद्यार्थी सेकंदाला ०.८ मीटर पोहतो. काठाकडे तोंड करून तो जिवाच्या आकांताने पोहला तरी एका मिनिटात १२ मीटर आतच जाईल, आणि दमून बुडेल. आता तो काठाला समांतर पोहला असे धरू. पट्ट्याबाहेर पडायला २० मीटर जायचे असेल तर त्याला २५ सेकंद लागतील. तेवढ्यात तो २५ मीटर आत जाईल खरा. पण पट्ट्याबाहेर फुटणाऱ्या लाटाच त्याला काठाकडे ढकलतील. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. बुडवते ती घबराट आणि दमछाक.

म्हणून हे नियम पाठ करावेत. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ देऊ नये. ओहोटीच्या वेळी आणि उधाणाच्या दिवसांत विशेष सावध असावे. प्रवाहात सापडल्यास उताणे तरंगावे, हात वर करून मदत मागावी, पोहता येत असेल तर काठाला समांतर जावे. कोणी बुडताना दिसल्यास मागोमाग उडी टाकू नये. दोरी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, बांबू, एकमेकांना गाठ मारलेली धोतरे किंवा ओढण्या, जे मिळेल ते त्याच्याकडे फेकावे आणि स्थानिक कोळ्यांना हाक मारावी. शेवटचा नियम आपल्या धरणांना, तलावांना आणि खाणींतील डोहांनाही तसाच लागू आहे. तेथे लाट नसते, पण काठचा गाळ पाय धरतो, आणि जुन्या नदीपात्राच्या कडेला खोली एकाएकी वाढते.

करून पाहा

१. परातीत पाणी घेऊन एका बाजूखाली पुस्तक ठेवा, म्हणजे पाणी एका कडेला उथळ होईल. खोल बाजूने पट्टीने लाटा करा. उथळ कडेला लाटांमधील अंतर कमी होते का? पाण्यावर बुचाचा तुकडा टाका. तो लाटेबरोबर किती पुढे जातो?

२. सारख्या वजनाचे दगड व लोखंडी नट दोऱ्याने तराजूला टांगा, आणि दोन्ही पाण्यात बुडवून तराजू कोणीकडे झुकतो ते पाहा. कारण लिहा.

३. दिनदर्शिकेवरून येत्या पंधरवड्यातील मुंबईच्या भरतीच्या वेळा पाऊणपटीच्या नियमाने काढा. वर्तमानपत्रात छापलेल्या वेळांशी ताडून पाहा आणि चुकीचा आलेख काढा. कोणत्या तिथींना चूक अधिक येते?

प्रश्न

१. समुद्रात दर १० सेकंदांनी लाट येत असेल तर खोल पाण्यात तिची तरंगलांबी किती? तिला तळ किती खोलीवर लागेल?

२. ८० सेंटिमीटर उंचीची लाट फुटते तेथे पाणी किती खोल असेल? ते तुमच्या अंगाच्या कोठपर्यंत येईल?

३. फेसाच्या दोन पट्ट्यांमधील शांत पाणी मासेमाराला सोयीचे आणि पोहणाऱ्याला घातक का?

शिक्षकांना विनंती की, कोकणाची सहल ठरली असेल तर निघण्यापूर्वीच्या तासाला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याकडून तोंडी घ्यावे.